सोबतीचं झाड

"शेंडा जळल्यासारखा दिसला की वाट बघायची नाही. आधी तुझं झाड कापायचं, बुंध्यापासून. मी सांगेन म्हणून थांबायचं नाही. कबूल?"

शेजारच्या बागेतल्या फ्राऊ झायडलबाईंनी हे विचारलं तेव्हा आमचं सफरचंदाचं रोप अजून कुंडीतच होतं. मी "कबूल" म्हटलं. त्यांनी मातीने भरलेला हात पुढे केला, मी तो हातात घेतला. शुभकार्याच्या वेळी असलं अभद्र कशाला बोलतात, एवढंच तेव्हा मनात आलं.

रेगेन्सबर्गला रुळांच्या कडेने छोट्या छोट्या बागांची एक रांग आहे, त्यातली एक आम्ही घेतली होती. झाडं दोनच मावतील एवढी जागा. मला बोस्कोप हवं होतं, आंबट जातीचं, कारण आमच्या लेकीला, अपूर्वाला, लहानपणापासून आंबट आवडतं. ती हॅम्बर्गला असते, तिथे तिचे दिवस दोनदा अर्ध्यावर गेले होते. मी संकल्प सोडला होता की या झाडाचं पहिलं फळ देवापुढे ठेवीन आणि मग तिच्या ओटीत घालीन.

"बोस्कोप एकटं फळत नाही," झायडलबाई म्हणाल्या. "त्याच्याच वेळेला फुलणारं दुसरं झाड जवळ लागतं, परागासाठी. आणि याचा पराग मात्र कुणाच्या कामाचा नाही. हा फक्त घेतो."

"आमच्या थोरल्या दादासारखा," श्रीपाद मराठीत म्हणाले.

"अहो!"

सोबतीला म्हणून मग कॉक्स जातीचं झाड लावलं. झायडलबाईंचं स्वतःचं झाड कुंपणापलीकडेच होतं, त्यांच्या यजमानांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं, पण ते उशिरा फुलतं. आमचं उमलतं तेव्हा त्याच्या नुसत्या कळ्या असतात.

या थंडीत उंदरांनी जमिनीखालून कॉक्सची मुळं खाल्ली. मार्चमध्ये मी खोडाला हात लावला, तर नुसती काठी उपटावी तसं ते वर आलं. आणि एप्रिलअखेर बोस्कोप पहिल्यांदा फुललं, तेही एकटं. अपूर्वाला तेव्हा सहावा लागला होता.

झायडलबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रेहामध्ये, व्यायामोपचाराच्या केंद्रात, होत्या. मागे कधीतरी त्यांनी सांगितलं होतं की सोबतीचं झाड नसेल तर दुसऱ्या सफरचंदाच्या फुललेल्या फांद्या बादलीत पाणी घालून खाली ठेवायच्या, मधमाश्या बाकीचं बघतात. "माझ्या घरामागे शोभेचं सफरचंद आहे, त्याच्या ने. कुठल्याही झाडाच्या आणू नकोस हं."

मी त्यांच्या घरी गेले. फाटक नुसतं लोटलेलं होतं. फोन केला, त्यांनी उचलला नाही. त्यांनी मागे 'ने' म्हटलं होतं, तरी तोडायच्या वेळी मालकाला विचारल्याशिवाय मी फूल तोडत नाही, माझ्या नेमात ते बसत नाही. तशीच परत आले.

"धन्य आहे तुझी," श्रीपाद म्हणाले. "अगं, पुण्यात अर्धी सदाशिव पेठ पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं ओरबाडते. देव आजवर कधी काही बोलला नाही."

"मला बोलेल."

रुळांपाशी एक रानटी सफरचंद होतं. ते कुणाच्याच मालकीचं नव्हतं, म्हणून विचारायचं कुणाला, हा प्रश्नच नव्हता. मी त्याला नमस्कार केला, फांद्या कापल्या आणि बादली बोस्कोपखाली ठेवली. दुपारपर्यंत मधमाश्या आल्या. बादलीतून झाडावर, झाडावरून बादलीत. मी तिथेच बसून स्तोत्र म्हणत होते. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मेच्या मध्यावर बारीक फळं धरलेली दिसली. त्याच आठवड्यात एका फांदीचा शेंडा वाकला, छत्रीच्या मुठीसारखा. पानं तपकिरी झाली, पण गळली नाहीत. मी म्हटलं, थंडी लागली असेल. दोन दिवसांनी दुसरा शेंडा वाकला. सालीवर मधासारखे थेंब होते, मी बोट लावलं तर चिकट लागले.

तशीच रुळांपाशी गेले. ते रानटी झाड वरून खालपर्यंत काळं पडलं होतं, कुणी खालून जाळ घातल्यासारखं. प्रत्येक शेंडा वाकलेला. माझ्या कात्रीच्या खुणा त्या काळ्या फांद्यांवर स्पष्ट दिसत होत्या. फॉयरब्रांड. झायडलबाईंनी ज्याच्यापायी वचन घेतलं होतं तो हा रोग, फुलातून फुलात जाणारा.

परत आले तेव्हा झायडलबाईंचं झाड पांढरंशुभ्र फुललं होतं. मधमाश्या आमच्या झाडाच्या चिकट थेंबांवर बसत होत्या आणि मग कुंपण ओलांडत होत्या.

घरी येऊन श्रीपादांना सांगितलं. हे माझ्या उपासांना हसणारे गृहस्थ, पण त्यांचा चेहरा उतरला.

"फळ धरलेलं झाड कापायचं? पोरगी सातव्यात असताना?"

"तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात?"

"मी मानत नाही गं. आई म्हणायची, घरात पोटुशी असताना फळतं झाड तोडू नये. बाळ होऊ दे. मग कापू. बाई काही इतक्यात रेहातून परत येत नाहीत, आणि कुणाला कळतंय?"

रुळांपासून घरापर्यंत वाटभर मीही मनात हेच म्हणत होते, फक्त इतक्या उघड शब्दांत नाही.

सकाळी पूजेला बसणार तेवढ्यात अपूर्वाचा फोन आला.

"आई, अ‍ॅपल्स धरलेत ना?"

"धरलेत."

"सुपर. ऐक, घाबरू नकोस हं. बाळ कालपासून कमी हलतंय. क्लिनिकला फोन केला, ते म्हणाले लगेच या. आम्ही निघालोच आहोत. चल, पोचले की सांगते."

"जा बाळा. सावकाश जा."

फोन ठेवून मागे वळले. श्रीपाद दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आज नको," ते म्हणाले. "शुभदा, हवं तर उद्या. आजचा दिवस तरी त्या झाडाला हात लावू नकोस."

खिडकीबाहेर डॅन्यूबच्या बाजूने आभाळ भरून येत होतं. दुपारी पाऊस येणार होता, आणि पावसाच्या थेंबांबरोबर हा रोग उडतो, कुंपण बघत नाही.

मी देवापुढे बसले. बागेतलं फूल वाहावंसं वाटेना, म्हणून नुसत्या अक्षता वाहिल्या. रोजच्यासारखं मागायला हात जोडले, आणि शब्द आले नाहीत. माझ्या लेकीची ओटी भर म्हणायचं, आणि पलीकडे कुणाचं लग्नाच्या वर्षीचं झाड माझ्यापायी जळत ठेवायचं. त्या मागण्याला तोंड कुठलं?

निरांजन शांत होईपर्यंत बसून राहिले. फोन वाजला नाही.

मग उठले. करवत जुन्या चादरीत गुंडाळली. पातं पुसायला स्पिरिटची बाटली घेतली, फांद्या भरायला जाड पिशव्या घेतल्या. श्रीपाद खुर्चीत फोन हातात धरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"अहो, तिचा फोन आला की मला लगेच लावा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि देवाचं नाव घेत जिना उतरायला लागले.