काचेआडची सूचना

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव काही फार चांगला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून क्षमेबिमेच्या गोष्टींची अपेक्षा राहणार नाही.

दरवाजे करून उरलेल्या सागवानी फळ्यांतून एका सुताराने मला घडवलं. अंगावर बनातीचं जाड हिरवं कापड ताणलं, पुढे काचेचं दार आणि छोटं कुलूप बसवलं आणि हिवाळ्यात पाणी गोठतं अशा एका डोंगरी गावातल्या वसाहतीच्या सभागृहाबाहेर मला टांगलं. सुरुवातीला येणारे-जाणारे थांबून वाचायचे. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माझ्याकडे रोज न चुकता बघणारं एकच माणूस उरलं. बाग आणि नळ सांभाळणाऱ्या मावशी. सकाळी ओल्या फडक्याने त्या माझी काच पुसायच्या आणि पुसता पुसता प्रत्येक सूचना पुटपुटत वाचायच्या.

त्या हिवाळ्यात सेक्रेटरींनी सुट्ट्यांची सूचना लावली. गावाला जाणाऱ्यांनी दारं-खिडक्या नीट लावाव्यात, जिन्यात सायकली ठेवू नयेत, वर्षअखेरचा मेळावा रविवारी दुपारी. आणि शेवटी त्यांच्या वळणदार अक्षरात, ‘पाइप गोठून फुटू नये म्हणून सभागृहाचं पाणी मी स्वतः रोज संध्याकाळी बंद करीन. व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडेच राहील. इतर कोणीही हात लावू नये.’ खाली झोकदार सही.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी सासुरवाडीला गेले, किल्लीसकट. पाणी बंद करायचं राहूनच गेलं. सकाळी पाइप फुटलेला, पायऱ्यांवर बर्फाचा थर. फिरायला निघालेले आजोबा त्यावरून घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं.

सेक्रेटरी परतले. त्यांनी घाईघाईने एक कागद आणला आणि जुनी सूचना पूर्ण झाकेल असा तिच्यावरच टाचला. ‘बागकाम करणाऱ्या बाईंच्या हलगर्जीपणामुळे पाइप फुटला. त्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे.’

दुसऱ्या दिवशी मावशी काच पुसायला आल्या. पहिल्याच ओळीवर त्यांचं फडकं थांबलं. तशाच त्या सेक्रेटरींकडे गेल्या आणि त्यांना माझ्यापुढे घेऊन आल्या.

“साहेब, किल्ली तुमच्याकडे होती. तुम्हीच तसं लिहून लावलं होतं.”

“कुठे आहे तो कागद? दाखवा बरं.”

मावशींना वाटलं, फाडून टाकला असेल. कागद तर माझ्या छातीवरच होता, एका पातळ पानाआड, आणि मला बोलता येत नव्हतं. ज्या बाईंचे गुलाब मावशींनी नऊ वर्षं जपले, त्याही आता मान वळवून जायला लागल्या. मी आतल्या आत धुमसत राहिलो.

रविवारी सगळे मेळाव्याला जमले. मावशी किल्ल्यांचा जुडगा परत द्यायला आल्या, आणि तेव्हाच मी वरची गंजकी टाचणी सोडली. लोक म्हणतात, थंडीने लाकूड आकसलं असेल. म्हणू देत. मी तीन दिवस तिच्यावर जोर लावत होतो.

वरचा कागद एका कोपऱ्यावर लोंबकळला. मावशी थबकल्या. जुडग्यातली लहान किल्ली शोधून त्यांनी माझं दार उघडलं, लोंबणारा कागद ओढून काढला आणि आत हाक मारली, “साहेब, जरा बाहेर या. माझा चष्मा घरी राहिलाय. एवढं वाचून दाखवा.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

सेक्रेटरींनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “जुनं आहे हो ते. नंतर बघू.”

“वाचा ना,” गळ्यात हात बांधलेले आजोबा म्हणाले. “मोठ्याने. मला कमी ऐकू येतं.”

त्यांना वाचावं लागलं. सहीपर्यंत येता येता आवाज इतका बारीक झाला, की आजोबांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मित्रांनो, इतकं गोड मी जन्मात काही ऐकलं नव्हतं.

वसाहतीच्या समितीत असलेला आजोबांचा मुलगा पुढे झाला. “मावशी, झालं गेलं विसरा. उद्यापासून या कामावर.”

“येईन की,” मावशी म्हणाल्या. “पण काढलंत तसंच बोलवा. इथे लिहून. साहेबांच्या अक्षरात.”

लिहिलं त्यांनी. ‘पाइप माझ्या चुकीमुळे फुटला. बाईंवर खोटा आळ घेतला, त्याबद्दल माफी मागतो. त्यांनी उद्यापासून कामावर यावं.’ चार दिवसांनी ते गुपचूप तो कागद काढायला आले. माझं कुलूप उघडेना. त्यांनी तेल घातलं, ठोकलं, फुंकर मारली. मी आवळून धरलं. थंडी सरेपर्यंत तो कागद काचेआड राहिला. मावशी रोज काच पुसायच्या, आणि तेवढ्या जागेवर जरा जास्तच घासायच्या.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची निगा राखा. आम्हाला पावसा-दंवात कुजू देऊ नका. आणि आमच्या अंगावर कोणाचं नाव लावण्याआधी दहादा खात्री करून घ्या. माणूस घरी गेला तरी त्याचं नाव दिवसभर लोकांसमोर उभं असतं, आणि ते उभं असलेलं मी जवळून पाहिलं आहे.

सेक्रेटरी अजूनही माझ्यासमोरून जाताना पावलं झपझप उचलतात. उचलू देत. मला कुठेही जायचं नाही.