जास्त भिजलेला पाला

थोरलीने ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला, तळातला मूठभर पाला वर काढला आणि त्यातला एक धागा दोन चिमटींत धरून ताणला. नीट ताणायच्या आतच तो तुटला. दुसराही तसाच. पाला प्रमाणाबाहेर कुजला होता. धागेच उरले नाहीत, तर दाबल्यावर एकमेकांत गुंतणार काय? तिने हात धुतला आणि ड्रमवर झाकण ठेवलं.

"झालाय ना नीट, जाऊबाई?" शेडच्या दारातून धाकटीने विचारलं.

"तुझं तू बघ. आज तूच शिकवणार आहेस ना."

पाला, काड्या, भुसा कुजवून त्यांचं सरपण कसं करायचं, हे गावोगावच्या बायकांच्या गटांना थोरली कित्येक वर्षं शिकवत होती. लाकडी दाबयंत्र उचलायला कुणीतरी हवं म्हणून धाकट्या जावेला तिनेच सोबत घेतलं होतं. थोरली फळ्यावर 'इंधनवडी' लिहायची आणि बाया जांभया द्यायच्या. धाकटीने पहिल्याच दिवशी मधोमध भोक असलेल्या त्या वडीला 'चकती' म्हटलं आणि भोकाला डोळा लावून समोरच्या बाईकडे पाहिलं. हसून हसून बायांची पुरेवाट झाली. तेव्हापासून सगळीकडे चकतीच. एकदा थोरलीच्याच तोंडून तो शब्द निसटला, तेव्हा तिने जीभ चावली होती. आता थोरली एकटी गेली की बाया आधी तिच्या मागे बघत आणि विचारत, "धाकट्या बाई नाही आल्या?"

आणि आज हे वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडम येणार होत्या. पुढच्या वर्षापासून या गावांना एकच शिक्षिका ठेवायची होती. दोघींपैकी कोण, ते आज ठरायचं होतं.

शेडमध्ये बाया जमल्या. मॅडम आल्या, बाकावर बसल्या. धाकटीने लगदा साच्यात भरला, दांड्यावर अंग टाकलं. पाणी गळलं, चकती बाहेर आली आणि तिच्या तळहातावरच ढासळली. दुसरीचं तेच झालं. तिसरी तर साच्यातून निघेचना. थोरलीला आतून गार गार वाटलं. आता बाया आपल्याकडे वळतील, असं तिने गृहीत धरलं होतं.

बाया वळल्या नाहीत. सगळ्या जिला फौजदारीण म्हणत, ती म्हणाली की पोरीचा काय दोष, पालाच मेला वाईट. दुसरीने आपल्या स्वयंपाकघरात रोज याहून मोठे घोळ होतात, असं मॅडमना सांगून टाकलं. सगळ्या हसल्या. धाकटी तेवढी हसली नाही.

"मला नाही कळत काय चुकलं," ती म्हणाली. "जाऊबाईंना विचारा. त्यांना कळेल."

थोरलीला पुढे व्हावंच लागलं. तिने सांगितलं, कुजताना मऊ भाग निघून जातो, धागा मागे राहतो, आपल्याला तो धागा हवा असतो. थंडीत जितके दिवस भिजवतो तितकेच दिवस उन्हाळ्यात भिजवला, की धागाही जातो. धाकटी हे काम थंडीत शिकली होती. बोलता बोलता थोरलीने एक धागा ताणून तोडून दाखवला. बाया पहिल्यांदाच जांभई न देता ऐकत होत्या. धाकटी मात्र तिच्या कोपराकडे बघत होती. तिथे पाल्याचा काळा तुकडा वाळून चिकटला होता.

"सकाळीच बघितलं होतंत?" तिने हळूच विचारलं.

"हो."

धाकटी साच्यात अडकलेली चकती खरवडून काढू लागली.

दोघींपैकी कोण हवी, असं मॅडमनी बायांना विचारलं. फौजदारणीने क्षणाचाही विचार न करता धाकटीकडे बोट केलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. थोरली दाबयंत्राचा खिळा उगाच चाचपत राहिली.

"मग? घ्याल काम?" मॅडमनी धाकटीला विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली. "जाऊबाईंनी मला अजून सगळं शिकवलेलं नाही."

बायांना तो विनय वाटला. मॅडमनाही. त्यांनी काम थोरलीला देऊन तिचं अभिनंदन केलं, आणि थोरलीला कुठे बघावं ते कळेना.

शेडमागे चिरून भिजत टाकलेल्या काड्या होत्या, त्यांचा धागा अजून शाबूत होता. दोघींनी त्या लगद्यात मिसळल्या. धाकटी दांड्यावर रेलली, थोरलीने खाली बसून साचा धरला. साच्याच्या भोकांमधून काळं, आंबूस पाणी निघालं आणि तिच्या पावलांवरून वाहू लागलं. तिने पाय मागे घेतले नाहीत.

"आणखी दाबू?" वरून आवाज आला.

"दाब."