दुसऱ्याचं म्हणणं

मी दुसरीपर्यंत शिकले. त्यावरून मले कोणी अडाणी म्हटलं तर मी त्याले ओट्यावर चढू देत नाही, पण खरं ते खरं. माझे दोन्ही पोरं मात्र भरपूर शिकले. थोरला धम्मरत्न वाशिमच्या कॉलेजात शिकवतो. धाकट्या संघदीपनं शेतीची डिग्री घेतली आन् मेडशीत बी-खताचं दुकान टाकलं. दोघंही वाचणारे, दोघंही डोकं खाजवणारे. आमच्या गावात लोक म्हणायचे, अंजनाबाईच्या घरी भांडण होणार नाही, तिथं विचार करणारी माणसं आहेत.

यंदा सरपंचाची जागा आमच्या समाजाच्या बाईसाठी सुटली आन् विचार करणाऱ्या घरात आग लागली.

धम्मरत्न म्हणे, माझी बायको रत्नमाला उभी राहीन, आपल्या पक्षाच्या पॅनलमधून. आपला पक्ष म्हणजे माझ्या मालकानं जन्मभर ज्याचा झेंडा वागवला तो. तो पक्ष गावात कधी निवडून आला नाही. संघदीप म्हणे, माझी सरिता उभी राहीन, पंजाबरावच्या पॅनलमधून. पंजाबराव म्हणजे पंचायत ज्याच्या खिशात असते तो माणूस. एका घरच्या दोन जावा, एक खुर्ची. घरात बोलणं बंद झालं. मीठ पाहिजे असलं तरी सुना माझ्या तोंडून मागायच्या.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी मी दोघायले समोर बसवलं. लहानपणी हे भांडले की माझी एकच रीत होती. आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, भावाचं सांगायचं. भाऊ “हो, अस्संच” म्हणत नाही तोवर कोणी जाग्यावरून उठायचं नाही. दर वेळी मिटायचं. म्हटलं, तेच करू.

संघदीप हसला. “माय, आता का आमी लहान हाओ?”

“लहान असता तर दोन चापटीत काम झालं असतं. बस खाली. धम्मा, तू सांग याचं.”

धम्मरत्ननं चश्मा काढला. “संघा म्हणते, आपण हरून राह्यलो आन् त्याचाच अभिमान करून राह्यलो. विहारामागचा रस्ता अजून चिखलातच हाये. ज्याच्या हातात पंचायत त्याच्या दारात रस्ता. आज पंजाबरावले आपली गरज हाये, उद्या राह्यणार नाही, म्हणून आजच मोल करून घ्या. तो हे खुर्चीसाठी म्हणत नाही. त्याची पोरगी त्या चिखलात पडली, हात मोडला, गाडी आत येऊ शकली नाही. तवापासून त्याले भाषण ऐकू येत नाही, पोरीचं रडणं ऐकू येते.”

संघदीपनं मान खाली घातली. “हो. अस्संच.”

“आता तू.”

“दादा म्हणते, रस्ता भेटन, पण सरिता फक्त सही करन. कारभार पंजाबरावच्या ओट्यावर होईन. एकदा दुसऱ्याचा झेंडा धरला का आपला उचलाले कोणी उरत नाही. हरलो तरी आपले मतं आपल्या नावानं मोजले जातात, पोरायले दिसते का आपण होतो. त्याले कॉलेजात लोक म्हणतात, तुमचं काय, जिकडं घुगऱ्या तिकडं उदो उदो. तो हसून घेते. घरी आला का जेवत नाही.”

धम्मरत्ननं चश्मा परत डोळ्यावर चढवला. मग म्हणाला, “मले बी इतकं नीट सांगता आलं नसतं.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, “मंग? कोण मागं घेते?”

दोघायनं एकमेकांकडं पाह्यलं.

“माय,” धम्मरत्न म्हणाला, “मी लय विचार केला. त्याच्या बाजूनं बी केला. जितका खोल गेलो तितकं मले माझंच पटत गेलं.”

“माझं बी तेच,” संघदीप म्हणाला.

“मंग विचार कायले केला रे? न करताच भांडले असते, तेवढा वेळ तरी वाचला असता!”

रत्नमाला दारातून म्हणाली, “आत्याबाई, तुमाले कोणाचं पटलं?”

मले दोघायचंही पटलं होतं. ते तोंडातून कसं काढू? मी म्हटलं, “तुमी दोघीबी राहू द्या. मीच उभी राह्यते.”

“तुमी उभ्या राह्यल्या तर पंजाबराव गाव सोडून जाईन,” सरिता म्हणाली, आन् सगळे हसले. पोरं हसले, जावा एकमेकींकडं पाहून हसल्या. कितीक दिवसांनी घर हसलं. हसणं संपलं तरी कोणी मागं घेतलं नव्हतं.

इतके दिवस मले वाटे, एकमेकांचं समजत नाही म्हणून माणसं भांडतात. समजावणारा कोणी भेटला का मिटते. गोट्या-भोवऱ्यांच्या भांडणात तसं होतही होतं. आता यायले सगळं समजलं होतं, दुखणं कुठं आहे तेही. समजवायले काही उरलंच नव्हतं. हेच दोघं अडाणी असते तर मी अजून आस धरून बसले असते.

सकाळी दोन गाड्या आल्या. दोघी सुना नव्या पातळात एकामागून एक माझ्या पाया पडाले आल्या. एकीले यश मागावं तर दुसरीले हार मागितल्यासारखं. मी पाय लुगड्यात ओढून घेतले. दोघी तशाच वाकल्या, तशाच गेल्या. मालेगावले, आमच्या तालुक्याच्या तहसीलीत, दोन फॉर्म भरले गेले.

संध्याकाळी संघदीप म्हणाला, पॅनलची माणसं येत-जात राहतील, दादाचेही कार्यकर्ते येतील, एका चुलीवर दोन बाजूंचा चहा कसा होईन? सरिताचं बिऱ्हाड पुढच्या खोलीत न्यायचं ठरलं. आवाज नाही, शिवी नाही. सिलिंडर जड होतं, तर एका बाजूनं संघदीपनं धरलं, दुसऱ्या बाजूनं धम्मरत्ननं. “सांभाळून रे, बोटं चेमटतील,” थोरला म्हणत होता.

शेगडी पेटली तशी सरिता आली. “आत्याबाई, कोणाकडं जेवता?” मागून रत्नमालाही येऊन उभी राहिली.

मी रागात म्हटलं, “जिची भाकर आधी होईन तिच्याकडं.”

दोघी घाईनं आत गेल्या. दोन्हीकडून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, एकीपेक्षा दुसरीचा जोरात. मी चप्पल पायात घातली आन् बाहेर जाऊन बसले.