राउटर, रूटर आणि हँडल नसलेलं दार

मी खोटं बोलत नाही. थोडं वाढवून सांगते, एवढंच. पोळी लाटताना पीठ लावतात ना, तेवढंच. नाहीतर गोष्ट पोळपाटाला चिकटते.

माझ्या लेकीचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली. भिंतींना तिने जुन्या गाद्या, उशा, फोम असं काय काय ठोकलंय. त्या खोलीत शिंकलात तर शिंक भिंतीत जाऊन झोपते, परत म्हणून येत नाही. तुम्ही कुठे फोन लावला की एक बाई सांगते ना, "कृपया प्रतीक्षा करा," तसले आवाज लेक तिथे रेकॉर्ड करते. ती स्वतः दाराबाहेर कानाला हेडफोन लावून बसते आणि दारातल्या चिमुकल्या काचेतून आत बघते.

दारावर लाल दिवा, बाहेरही एक आणि आतही एक. दिवा लागला असला की दार कोणी उघडायचं नाही, घराला आग लागली तरी नाही. हा तिचा कायदा. एकदा आमच्या ह्यांनी "चहा घेणार का?" विचारायला दार उघडलं. त्यावर ती जे बोलली, त्यानंतर ते लाल टोमॅटो दिसला तरी दबकून चालतात.

आणखी एक सांगायचं राहिलं. दाराला आतून हँडल नाही. होतं, पण मी जरा जोरात बोलले की ते खडखड वाजायचं. माझा जावई म्हणाला, काढून टाका. माझा मुलगा म्हणाला, बरोबर आहे, आणि खिशातून पक्कड काढून त्याने ते उपटलं. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि तेच आमच्या मुळावर आलं.

मुलाला सगळे पक्कडच म्हणतात, ती खिशात नसली तर त्याला कपडे घातल्यासारखं वाटत नाही. तो घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढतो. जावई कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो, त्याला मी मास्तर म्हणते. मेव्हण्या-मेव्हण्यांचं सख्य म्हणजे विळ्याभोपळ्याचं. आणि भांडण कशावरून? जमीनजुमला नाही, मानपान नाही. नावांवरून. घरात वायफाय देणारं ते यंत्र, त्याला मास्तर म्हणतात राउटर, पक्कड म्हणतो रूटर. एक म्हणतो डेटा, दुसरा डाटा. एक म्हणतो गिफ, दुसरा जिफ. त्या हलणाऱ्या चित्रातल्या मांजराला विचारा, त्यालाही माहीत नसेल. चार वर्षं आम्ही जेवताना हेच ऐकतोय. माझी लेक मधे बसते, एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ, अडकित्त्यात सुपारी बसते तशी.

तर झालं असं. एका इंटरनेट कंपनीला आजीचा आवाज हवा होता. लोक चिडून फोन करतात. पलीकडून आजी बोलली की शिव्या गिळतात, असं त्यांचं म्हणणं. लेकीने मला माईकसमोर बसवलं. वाक्यं सोपी होती. "राउटर बंद करा. थोडं थांबा. राउटर पुन्हा चालू करा." संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं.

पण त्याच दिवशी सकाळी लेकीने चहाचा कप खाली ठेवत सांगितलं होतं, "मला दुसऱ्या गावच्या मोठ्या स्टुडिओतून बोलावणं आलंय. आज त्यांना उत्तर द्यायचंय. हे काम जर आजही भांडणात अडकलं ना, तर मी हो म्हणणार आणि इथलं कुलूप लावून जाणार." मास्तरांचा क्लास इथे. म्हणजे संसार दोन गावांत. पक्कडने बिस्किट चहात बुडवलं आणि ते बुडालंच.

एवढं ऐकूनही दोघं माझ्यामागोमाग खोलीत घुसले. मी कुठला उच्चार करते त्यावर पहारा ठेवायला! लेकीने बाहेरून दार लावलं, मशीन चालू केलं, लाल दिवा लागला. मोबाइल बाहेर, पंखा बंद, कारण त्याचाही आवाज येतो.

मी म्हटलं, "राउटर बंद करा."

मास्तर खुलले. पक्कडचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

मग मी म्हटलं, "रूटर पुन्हा चालू करा."

मला आपलं दोन्हीकडचं बघायला हवं ना? एक लेकाचं, एक जावयाचं.

"आई, हे काय?" मास्तर म्हणाले. "एकाच निरोपात दोन यंत्रं झाली!"

"रूटरच बरोबर आहे दाजी," पक्कड म्हणाला. "मला काम शिकवणारे उस्ताद रूटरच म्हणायचे."

"तुमचे उस्ताद वायफायला काय म्हणायचे? विफी?"

"उस्तादांवर जायचं नाही!"

"मी उच्चारावर जातोय!"

"तुमचा क्लास बंद पडला की माझ्याकडेच येता ना? तेव्हा राउटर म्हणून बोलावता, की 'अरे बाबा, येऊन बघ' म्हणून?"

भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून लेकीचा आवाज आला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "मी जाते."

काचेतून मी पाहिलं. तिने हेडफोन टेबलावर ठेवले, फोन उचलला आणि गच्चीच्या जिन्याकडे गेली.

दोघं दाराकडे धावले. पक्कडने हात पुढे केला आणि हवेतच थांबला. जिथे हँडल असायचं तिथे एक भोक होतं आणि त्यात फोम कोंबलेला.

"पक्कड काढ की," मास्तर म्हणाले.

त्याने खिसा चाचपला. नव्हती! बसता-उठता खिशात वाजते म्हणून लेकीने ती बाहेर ठेवून घेतली होती.

आता ऐका. त्या खोलीत श्वास घेतला तर तो कानात घुसतो. पंखा नाही, खिडकी नाही, भिंती गाद्यांच्या. आम्ही तिघं आणि माईक. थोड्या वेळाने भिंती एकेक बोट आत सरकायला लागल्या. खोटं वाटत असेल तर मास्तरांना विचारा, ते पोट आत ओढून बसले होते.

दोघांनी दार बडवलं. मऊ दार ते, उशीला मारावं तसं. तेवढ्यात काचेत खालच्या मजल्यावरची शिंपीण दिसली. मी दोन्ही हात हलवले. तिने वर लाल दिव्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, मान डोलावली आणि चवड्यांवर चालत निघून गेली. जाताना आमच्या नावाने हवेत टाळ्याही वाजवल्या, आवाज न करता.

"गेली!" पक्कड म्हणाला.

मग आमचे हे आले. देव पावला म्हटलं. "अहो!" मी ओरडले. "अहो, दार उघडा!" जन्मभर ज्या माणसाने माझं एक ऐकलं नाही, त्याने लाल दिव्याचं ऐकलं. त्यांनी आत डोकावलं, मास्तर दार बडवताहेत, पक्कड केस उपटतोय, मी हात जोडतेय, ते बघून खूश झाले. नाटक रेकॉर्ड होतंय असं वाटलं त्यांना. "छान, छान" अशी खूण केली, खुर्ची ओढली आणि आमच्याकडे पाठ करून राखण करत बसले. पाठ! ते पेपर वाचतात तेव्हा बघते तीच पाठ.

"आता आपण इथेच," मास्तर म्हणाले. "ती वर बसून हो म्हणत असेल."

"तुमच्यामुळे."

"तुझ्यामुळे."

मी म्हटलं, "माझ्या सासरी रेडिओ आला ना, तेव्हा सासरे म्हणायचे रेडिओ आणि चुलतसासरे म्हणायचे रेडवा. त्या बिचाऱ्याला आपलं नावच कळेना. इतका बावचळला की बातम्या गाऊन दाखवायला लागला आणि गाण्याच्या मधेच म्हणायचा, छत्री घेऊन जा. शेवटी एक दिवस खोकला, आणि गप्प झाला तो कायमचा. दोघं भाऊ त्याच्या दोन बाजूंना बसून राहिले. घरात मग ना बातम्या, ना गाणं."

पक्कड जमिनीवर बसला. "ताई खरंच जाईल का गं?"

"तू जाशील असं मला वाटायचं," मास्तर त्याला म्हणाले. "ती जाईल असं कधी वाटलंच नाही."

नंतर मास्तर दाराच्या वर बघत होते. हळूच म्हणाले, "मशीन मी लावलंय. बराच वेळ कोणीच बोललं नाही, की ते आपोआप थांबतं. रिकामं रेकॉर्ड होऊ नये म्हणून."

पक्कडने मान वर केली. "आणि दिवा मी जोडलाय. मशीनला. मशीन थांबलं की दिवा विझतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवा विझला की बाहेर बसलेले हे दार उघडतील. म्हणजे सुटायचं असेल तर फक्त एक करायचं. तोंड बंद ठेवायचं.

"सोपं आहे," पक्कड म्हणाला.

"श्श," मास्तर म्हणाले. "आता परत पहिल्यापासून."

मिठाची गुळणी धरून बसलो. दिवा लालच. मग मास्तर पुटपुटले, "तरी मी म्हणत होतो..."

"काय म्हणत होता?"

"काही नाही."

झालं, परत पहिल्यापासून. पुढच्या वेळी पक्कडच्या पोटात गुरगुरलं. मशीनला ते भाषण वाटलं असावं. त्याच्या पुढच्या वेळी मी शिंकले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नाक मुठीत धरूनच बसले.

मग मात्र खरी शांतता झाली. ती कशी होती सांगू? मास्तरांच्या श्वासात बारीक शिट्टी आहे, मला ठाऊक नव्हतं. पक्कडच्या तळव्यांना तारेने चिरल्याच्या रेघा आहेत, त्या मास्तर बघत होते. मास्तरांच्या कपाळावरून घाम डोळ्यात चालला होता, तर पक्कडने रुमाल पुढे केला. मास्तरांनी घेतला. आभार मानायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मी त्या दोघांकडे बघत विचार करत होते. एवढं चार वर्षं ऐकतेय, राउटर आणि रूटर. माझी लेक काय म्हणते? डोक्याला ताण दिला. आठवेना. तिच्या तोंडून तो शब्दच मी कधी ऐकला नव्हता. "ते यंत्र" म्हणायची. कधी "ते डबडं." घरात ज्या वस्तूचं नाव घेतलं की भांडण, तिचं नाव तिने टाकूनच दिलं होतं.

दिवा विझला.

समोरच्या भिंतीवरचा लाल उजेड गेला तसे आमचे हे उठले, बाही सारखी केली आणि दार उघडलं. "संपलं का? शेवट जरा संथ वाटला," म्हणाले.

आम्ही त्यांना ढकलून गच्चीवर पळालो. माझे गुडघे त्या दिवशी विशीतले होते. लेक पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, फोन मांडीवर.

"हो म्हणालीस?" मास्तरांनी विचारलं.

"नंबर काढून बसलेय," ती म्हणाली. "लावता येईना. आणि खाली येता येईना."

"ताई, राउटर म्हणू दे आईला," पक्कड घाईने म्हणाला. "दाजींचं बरोबर आहे."

"नाही नाही, रूटर म्हणू दे," मास्तर म्हणाले. "त्याच्या उस्तादांचा मान आहे."

"अहो दाजी, राउटर."

"अरे, रूटर!"

लेकीने डोळे मिटून घेतले. मी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. जावई असला म्हणून काय झालं? मग तिच्याजवळ बसले. "तू काय म्हणतेस गं त्याला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मला आजवर कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"मग आता विचारलं. स्टुडिओ कुणाचा? माईक कुणाचा?"

ती उठली. फोन खिशात टाकला. "खाली चला. तुम्ही दोघं बाहेर बसायचं. एक शब्द नाही."

"आणि त्या स्टुडिओचं?" मास्तरांनी विचारलं.

"आजचं काम आधी. आणि त्याआधी ते हँडल बसवा."

"खडखडेल गं," पक्कड म्हणाला.

"खडखडू दे."

पक्कडने हँडल बसवलं, मास्तरांनी स्क्रू धरले. मी आत गेले. दिवा लागला. काचेबाहेर तिघे पुरुष ओळीने बसले होते, तोंडं घट्ट मिटून. स्पीकरमधून लेकीने मला तो शब्द सांगितला, आणि मी तो तसाच म्हटला, पहिल्या वाक्यातही आणि शेवटच्याही.

ती काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात कशाला भांडणं लावू? रेकॉर्डिंग अंधार पडायच्या आत गेलं. दुसऱ्या गावाकडून तिने दोन दिवसांची मुदत मागून घेतली, तिसऱ्या दिवशी फोन केला आणि नाही म्हणाली. का, ते मी विचारलं नाही, मास्तरांनी विचारलं असावं. ते त्या दिवसापासून तिला अधूनमधून विचारत असतात, याला काय म्हणायचं, त्याला काय म्हणायचं.

कधी तुमचं इंटरनेट बंद पडलं आणि फोनवर आजी बोलली, तर नीट ऐका. "बंद करा" म्हणते ना मी, तिथे मागे बारीक खडखड आहे. ते आमचं हँडल.