तेलाने झाकलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुनी, काळी पडलेली फळी आहे असे परक्याला वाटेल. खरे तर मी संत निकोलायचे चित्र आहे.

अंड्याच्या बलकात रंग कालवून, उपास धरून एका चित्रकाराने मला रंगवले. तेव्हा माझी दाढी पांढरीशुभ्र होती. सुखोना नदीकाठच्या एका घरात, समोरच्या कोपऱ्यात मला मानाची जागा मिळाली. येणारा माणूस टोपी काढून, छातीवर क्रूसाची खूण करून आधी मला नमस्कार करी, मग घरच्यांशी बोले. भांडणारेही माझ्याकडे पाहून आवाज खाली आणत.

घरच्या अग्राफेना आजीचा माझ्यावर फार जीव. दर ईस्टरला ती माझ्यासमोरच्या दिव्यातले तेल फडक्यावर घेऊन माझा चेहरा चोळी. मी चकाके आणि ती खूश होई. पण त्या तेलावर काजळी बसे. वर्षानुवर्षे हेच चालले. आधी माझी दाढी गेली, मग डोळेही गेले.

नात उस्तिन्याचे लग्न ठरले. चर्चला निघण्याआधी वडीलधाऱ्यांनी चित्र डोक्यावर धरून मुलीला आशीर्वाद द्यायचा आणि तेच चित्र तिने सासरी न्यायचे, ही आमच्याकडची रीत. सून कापितोलिनाने त्यासाठी नवे छापील चित्र आणले. मला नदीत सोडायचे ठरले, कारण संतांची जुनी चित्रे कुणी जाळत नाही.

"आई, ह्यात संत कुठे दिसतोय? पिंपावरचं झाकण वाटतंय," ती सासूला म्हणाली.

आशीर्वादाला आलेल्या धर्मगुरूंनी मला उजेडात धरले आणि तेलानेच चेहरा झाकला गेल्याचे सांगितले.

"माझ्याच हातानं झालं," आजी म्हणाली. "सोडा मग नदीत."

मला फार वाईट वाटले. तेवढ्यात उस्तिन्याने मला उचलून घेतले.

"मी तापानं फणफणले होते तेव्हा आजी रात्रभर ह्याच्यापुढे गुडघे टेकून होती. आता आपल्याला तो दिसत नाही, एवढंच ना? त्याला आपण दिसतो की."

ती आजीसमोर गुडघ्यांवर बसली. कापितोलिनाने नवे चित्र बाजूला ठेवले. आजीने मला नातीच्या डोक्यावर धरले.

निघताना आजीने तिच्या हातात एक कोरडे फडके दिले.

"ह्यानंच पूस," ती म्हणाली. "कितीही माया आली तरी तेल लावू नकोस."

आता मी उस्तिन्याच्या घरी, समोरच्या कोपऱ्यात आहे. चेहरा काही परत आला नाही. मित्रांनो, ज्याच्यावर माया करता त्याला काय सोसते, तेही बघत जा. आम्हाला सांगता येत नाही.