कच्च्या जीन्सची खोळ

बदलापूरला बेलवलीत कैलासच्या अंगणात एक गाडी उभी होती, आणि ती उभीच होती, हेच त्याच्या बायकोचं, सुषमाचं दुखणं होतं.

तशी गाडी देखणी. शाळेची पोरं वाहून दमलेली जुनी मिनीबस कैलासने घेतली, मागचा पत्रा उतरवला आणि तिच्यावर स्वतःच्या हातांनी फायबरचं घर चढवलं. आनंदनगरच्या कारखान्यात त्याने उभा जन्म पाण्याच्या टाक्या बनवल्या होत्या, त्यामुळे घराला जरा टाकीची कळा आली होती. पण पांढरंशुभ्र, हात फिरवावा असं गुळगुळीत. आत छोटा ओटा, शेगडी, दोघांपुरता पलंग. पलंगाशी खिडकी. ती कापण्याआधी कैलासने बायकोला पुठ्ठ्यावर आडवं केलं होतं, कुशीवर वळवलं होतं आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत खडूची खूण केली होती.

"सकाळी डोळा उघडलास की समोर समुद्र. मान उचलायची पण गरज नाही."

समुद्राशेजारी मुक्काम हा वायदा लग्न ठरलं तेव्हाचा. सुषमाने समुद्र पाहिला होता एकदाच, जुहूला, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात नणंदेचं रडकं पोर धरून. उभ्याउभ्या पाहिलेला समुद्र तिच्या लेखी जमेला धरण्यासारखा नव्हता. आता दुपारी कामं आटपली की ती गाडीत जाऊन त्या पलंगावर पडे आणि खुणेबरहुकूम कुशीवर वळे. खिडकीतून शेजारच्या महिपतीकाकांच्या मोरीचा पाइप दिसे. काकांनी अंघोळ केली की पाइपातून धो धो आवाज येई. सुषमा डोळे मिटून घेई. तेवढ्यापुरतं चालून जाई.

निघायचं ठरलं नाही असं कधी झालं नाही. पण कैलासचा माल होता तो, आणि स्वतःच्या मालावर माणूस पहारा द्यायला लागला की सुटी घेत नाही. आधी टपावरचे सांधे निघाले. तिथे सीलंट भरलं, ते पुरतं सुकू दिलं. मग मेण चढवलं. मग उन्हाने फायबरचा वरचा थर पिठासारखा सुटतो म्हणून पुन्हा घासून पुन्हा मेण. टपावरून खिडक्यांखाली काळे ओघळ येत, ते दिसले की कैलासचं जेवण उतरत नसे. गाडी धुवायची ती सावलीत, वरून खाली, मऊ फडक्याने. सुषमाने एकदा प्रेमाने भांड्यांचा साबण लावला, तर साबणाने मेण जातं म्हणून कैलास चार दिवस घुम्यासारखा होता.

महिपतीकाका कठड्यावर कोपरं टेकून रोजचा कर वसूल करत.

"काय कैलास, आज अभिषेक झाला का रे?"

"काका, कावळ्याची घाण होती. ती रंग खाते."

"खाऊ दे की. कावळा तरी चार गावं फिरून आलेला असतो!"

सुषमाला हसू आलं. मग आलं त्याहून लवकर गेलं.

दसऱ्याला तिने विषय काढला. "अहो, दिवाळीनंतर गुहागरला जायचंच. या खेपेला मी पिशव्या भरून ठेवणार आहे."

"जाऊ ना. पण खारा वारा वाईट, सुषमा. मिठाचा थर बसला की चमक गेली, आणि खालचं लोखंड तर बघायलाच नको. रात्रभर उघडी कशी ठेवायची? हिच्या मापाची खोळ पाहिजे. बाजारात मिळत नाही." आणि पाठ वळवता वळवता म्हणाला, "खोळ झाली की त्याच आठवड्यात निघू."

असला शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच सुटला होता. सुषमाने तो खाली पडू दिला नाही.

तिने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये सोनियाभाभीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं जीन्स शिवल्या होत्या. तिथे जीन्सचं काय होत नाही? पिशव्या होतात, रिक्षाच्या सीटा होतात, देवाच्या पाटावरची गादीसुद्धा होते. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षातून उतरून ती थेट भाभीच्या पुढ्यात उभी राहिली. भाभीने कोपऱ्यात पडलेला जाड कापडाचा तागा पायाने पुढे ढकलला.

"ये ले जा. पण सुषमा, कच्चा है हां. वॉश नहीं हुआ. किसके लिए?"

"गाडीला घालायचंय."

"गाडीको जीन्स! अरे साईं, फिर चैन भी लगा दे!"

कच्चा म्हणजे काय हे सुषमाला कुणी सांगायला नको होतं. न धुतलेली जीन्स ओली झाली की निळा रंग सोडते. शिवणाऱ्यांची बोटं रविवारीसुद्धा निळी असतात. कापड आधी दोनतीनदा धुऊन, वाळवून घ्यायला हवं होतं. पण एवढा तागा धुवायचा कुठे, वाळवायचा कुठे? त्यात दिवाळी जाणार. दिवाळी गेली की कैलासला टपावर काहीतरी सापडणार. सुषमाने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या, आणि धुणं वगळलं. कोरडे दिवस आहेत, तिने स्वतःला सांगितलं. पावसाळा संपलाय.

खोळ सुरेख झाली. दुहेरी शिवण, खाली नाडी, खिडकीच्या जागी उचलता येणारी झडप. कैलासने ती ओढून बसवली, लांब जाऊन पाहिली, आणि म्हणाला, "मापात आहे." त्याच्या तोंडून ही मोठी तारीफ होती.

मग भाऊबीज झाली आणि नको त्या वेळी पाऊस आला. चांगला मुक्कामी पाऊस.

"अहो, खोळ काढू या का?" सुषमाने दाराशी उभं राहून विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला नाही.

"ओल्यात ओढली तर घासली जाईल. चरे पडतील. राहू दे."

उघडीप झाल्यावर, खोळ अंगावरच वाळल्यावर, दोघांनी नाडी सोडली. खोळ खाली उतरली आणि कैलास तिथेच उकिडवा बसला. पांढऱ्या फायबरवर निळे ओघळ, निळे डाग. आणि पलंगाच्या खिडकीभोवती, जिथे झडपेचं कापड दुहेरी होतं, तिथे तर शाई ओतल्यासारखं झालं होतं.

काकांनी कठड्यावरून तोंड उघडलं, कैलासकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

कैलासने पॉलिशचा डबा आणला, फडकं आणलं आणि तो घासायला लागला. मेण निघालं, पॉलिशची पेस्ट संपली, बराचसा रंग निघाला. खिडकीभोवतीचा निघेना. सुषमा घरातून त्याची हलणारी पाठ पाहत होती. भरलेल्या पिशव्या दाराआड होत्या. त्याच्या तोंडून आता काय येणार ते तिला पाठ होतं, आणि संध्याकाळी तेच आलं.

"सगळा वरचा थर खरवडून नवा चढवावा लागेल. एवढा हिवाळा जाईल."

"मला माहीत होतं," सुषमा म्हणाली.

"काय?"

"कापड रंग सोडणार ते. जन्म गेला माझा त्यात. कापड धुवायला हवं म्हटलं असतं तर तुम्ही तारीख पुढे ढकलली असती. म्हणून नाही बोलले."

"माझ्या गाडीची वाट लावलीस, सुषमा."

"वाटेला लावायची होती हो! तुम्ही ती लावली नाहीत, म्हणून." ती थांबली नाही. "त्या खिडकीतून मी मोरीचा पाइप बघते, रोज. माझ्या डोळ्यांच्या मापाने कापलीत ना ती? मग डोळे आहेत तोवर न्या. गाडीला नवा थर चढवाल तुम्ही, मला कोण चढवणार आहे?"

पलीकडे मोरीत पाणी सुटलं आणि पाइप धो धो वाजायला लागला. कैलासने तिकडे पाहिलं. मग तो गाडीत चढला. पलंगावर कुरकुर झाली. तो कुशीवर वळला असावा. पाणी संपेपर्यंत तो बाहेर आला नाही.

बाहेर आला तेव्हा सुषमा खोळीची घडी घालत होती, आणि तिची बोटं निळी झाली होती. ती बोटं त्याने धरली, जरा चोळून पाहिली, जशी खिडकी चोळली होती. रंग निघाला नाही.

"हा रंग माझ्या डब्यालासुद्धा लागायचा," तो म्हणाला. "पोळीवर बोटं उठायची."

"तुम्ही खायचात."

"हो, खायचो."

सकाळी निघाले. काका दात घासता घासता फाटकाशी आले, आणि त्यांना चिडवायला काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी नुसता ब्रश हलवला. खोळ सुषमाने गाडीत मागे टाकली होती, वाळूवर बसायला.

अजून गावाची वस्तीही मागे पडली नव्हती, तोच एका कावळ्याने नेम धरून पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या ऐन मध्यावर, आपली मोहोर उठवली. कैलासचा पाय ब्रेककडे गेला. गाडी मंदावली. मऊ फडकं त्याच्या सीटखाली होतं, बादली मागे होती. सुषमा समोर बघत राहिली. मांडीवरची निळी बोटं तिने घट्ट आवळली.

गाडी थोडी रेंगाळली, मग कैलासने गिअर टाकला.

"समुद्रावर धुऊ," तो म्हणाला. "तिकडे पाणी पुष्कळ असेल."