प्रणिताचा उजवा पाय

गुरुवारी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डाळ करपली, गॅस बंद केलाय का बघायला तीनदा आत गेले. माझी सून प्रणिता ओट्याशी डबे खोक्यात भरत होती. शनिवारी ती आणि माझा मुलगा चंदन शहराबाहेर आनेकलला बिऱ्हाड हलवणार. त्याचा कारखाना जवळ पडतो म्हणे! मला काय कळत नाही होय?

आग लागो माझ्या जिभेला! डिसेंबरात त्यांचं लग्न झालं आणि अकराव्या दिवशी आमचे हे गेले. घर माणसांनी भरलेलं, आणि मी सगळ्यांदेखत बोलले, "हिचा पायगुणच वाईट." तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही. घरात मुहूर्त नाही, पत्रिका नाही, आणि नेमका हा शब्द मी कुठं जपून ठेवला होता देव जाणे. तेव्हापासून पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी कुठली करू, दूध आलं, एवढंच.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी के. आर. पुरमच्या आमच्या मराठी मंडळीत पाय धुण्याची उपासना असते. प्रभूनं शिष्यांचे धुतले, तसे मोठ्यांनी धाकट्यांचे धुवायचे. मी दहा वर्षं धुतेय. खरं सांगू? त्यात मला मोठी ऐट वाटायची. बायका घरूनच टाचा घासून, पावडर लावून येतात. धुवायला उरतंच काय! दोन थेंब पाणी, वर टॉवेल, की झालं.

यंदा त्या गुरुवारी चर्चमध्ये पाळक म्हणाले, "महानंदाक्का, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. स्वल्प बसून राहा."

"सरी, बरं," म्हणाले खरी, पण बसवेना. पलीकडच्या रांगेत प्रणिता होती. शनिवारी गेली की सणाला पाहुणीसारखी येणार, आणि मी मेले तरी हे असंच राहणार. मी उठले, माझ्या जागी धुणाऱ्या यल्लव्वाच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं आणि सुनेपुढं गुडघे टेकले. अशी कळ आली म्हणून सांगू!

"पाय दे गं."

तिनं पाय खुर्चीखाली ओढले. "नको आत्या. वाईट आहेत ना ते."

हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. मला आधी रागच आला. एवढी मी गुडघा मोडून बसलेय आणि ही! मग दिसलं, तिच्या पायांवर बसस्टॉपपासूनची धूळ तशीच होती. धुवून घ्यायला ती आलीच नव्हती.

"चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांत सांगते," मी म्हणाले. "लग्नाच्या धांदलीत ह्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. आणायच्या मी विसरले. मला माहीत होतं, आणि मी ते हिच्या पायांवर ढकललं."

चंदननं मान खाली घातली. मग प्रणितानं उजवा पाय पुढं केला. मी धुतला, बोटांच्या बेचक्यांतून नीट धुतला. पाणी गढूळ झालं. दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

"आज एवढाच," ती म्हणाली.

मला उठता येईना. तीच ओल्या पायानं वाकली, माझ्या काखेत हात घातला.

"गुडघ्यावर जोर देऊ नका."

चार महिन्यांत भाजी-दुधापलीकडचं, आपणहून, तिचं हे पहिलं बोलणं.